तीन हातपंपांचे दांडे

हातपंपाचा दांडा वरखाली होताना दिसला, की ती केस अजून माझ्यापुढे उभी राहते. खून नाही, दरोडा नाही. चोरी, तीही लोखंडाच्या तीन दांड्यांची. पण सबंध नोकरीत इतकं वाईट मला दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वाटलं नाही.

तेव्हा मी सौंसरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावचा सरपंच आला. मागे एक बाई, तिच्या कडेवर लहान मुलगी. मुलीच्या पायात नजर लागू नये म्हणून काळा दोरा. गावातल्या पाच हातपंपांपैकी तीन पंपांचे दांडे गेले होते. सरपंचाने तोंड उघडण्याआधी बाईच तडकली, "साहेब, पोट्टीले कडेवर घेऊन नाल्यापलीकडून पानी आनून राहिली मी. त्या चोट्ट्याले सोडू नका!"

लोखंड गेलं की पोलीस आधी भंगारवाल्याकडे जातात. आम्हीही गेलो. तो बिचारा शपथा घेऊन थकला. शेवटी बोरगाव रस्त्यावरचा पंक्चरवाला, आमचा जुना खबऱ्या, हळूच म्हणाला, "त्याले काहून तरास देऊन राहिले साहेब? एक मॅडम हाय, पानी तपासाले येते. तिच्या स्कूटीवर पोतं होतं, अन् पोत्यातून दांडा दिसत होता."

त्या मॅडमच्या पांढुर्ण्यातल्या चांगल्याशा घराची पंचांसमक्ष झडती घेतली. दांडे पलंगाखाली निघाले, जुन्या चादरीत गुंडाळलेले, गंज चढू नये म्हणून तेल लावलेले. चोर माल विकतो, नाहीतर फेकतो. त्याला तेल लावणारा चोर मी पाहिला नव्हता.

ठाण्यात महिला शिपायाला शेजारी बसवून विचारपूस सुरू केली. मॅडम म्हणजे विशीतली एक मुलगी, पाण्यावर संशोधन करणारी. तिचे वडील बाहेर बाकावर मान खाली घालून बसले होते. तिने लगेच कबूल केलं. मी विचारलं, "पाच पंप होते, मग तीनच दांडे का काढले?"

तेव्हा ती रडायला लागली. "त्या तीन पंपांच्याच पाण्यात फ्लोराइड आहे सर, खूप. लहान पोरांची हाडं वाकतात त्यानं."

"मग गावाला सांगायचं!"

"आमच्या गाइड सरांनी लिहून घेतलं आहे. शोधनिबंध छापून येईपर्यंत एक आकडा बाहेर द्यायचा नाही. अन् तो अजून फिरूनच राहिला, या शोधपत्रिकेकडून त्या शोधपत्रिकेकडे. मले सांगता येत नव्हतं, अन् पाहवतही नव्हतं."

मी तिच्या सरांना फोन लावला. अतिशय सभ्य माणूस. प्रसिद्धीआधी निष्कर्ष देता येत नाहीत, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. सरपंचाला मी जे ऐकलं ते सांगितलं, तर तो म्हणाला, "कागद दाखवा साहेब." कागद कुठून आणू? आरोपीच्या तोंडच्या गोष्टीला कोण विचारतो?

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल पंचायतीच्या ताब्यात गेला. दांडे बसले त्या दिवशी गावाने नारळ फोडला, मला हार घातला. कडेवर मुलगी असलेल्या त्याच बाईने पहिला गिलास माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "बाई, हे पाणी पोरीला देऊ नका." ती हसली. "त्या चोट्टीनं तुमालेबी शिकवलं का साहेब?"

त्या संशोधक मुलीला न्यायालयाने समज देऊन सोडलं, पण तिचं संशोधन तिथेच संपलं. मी निवृत्त होऊन पांढुर्ण्यात राहायला आलो. मग काही वर्षांनी तिचा निरोप आला, "सर, तो निबंध छापून आला." सोबत दुवा होता. मोबाइलवर उघडला, तर वर नावं, त्यात तिचं नाही. खाली चार ओळींचा सारांश आणि एक फोटो. पुढचं सगळं कुलपात, पैसे भरल्याशिवाय न उघडणारं.

मी त्या गावी गेलो. त्या बाईच्या ओट्यावर बसून सारांश मराठीत सांगितला. तिने मोबाइल हातात घेतला आणि फोटोवर बोट ठेवलं. गुडघ्याखाली धनुष्यासारखे वाकलेले दोन पाय होते, एकात काळा दोरा.

"हे तं माह्या पोट्टीचे पाय! मागं ते पानी तपासनारे लोक आले होते, फोटो काहाडून नेले. बोलले काहीच नाही." मग तिने विचारलं, "खाली काय लिवलं हाय?"

"ते पैसे भरल्याशिवाय दिसत नाही."

"पाय माह्या पोट्टीचे, पानी आमच्या बोरिंगचं, अन् पैसे आमीच भराचे?"

ती उठली. शेजाऱ्याकडून पाना आणला आणि घरासमोरच्या पंपाचा दांडा घाम गाळत सोडवला. मी ठाण्यातून परत मिळवून दिलेला तोच दांडा. तो तिने माझ्या पायाशी आणून टाकला. "घ्या साहेब. आता माह्यावर केस करा." मुलगी दाराची चौकट धरून उभी होती, कारण धरल्याशिवाय तिला उभं राहता येत नाही.

चोरीला गेलेल्या वस्तू शोधण्यात माझी सगळी नोकरी सरली. लोकांपासून दडवून ठेवलेली गोष्टही चोरीच असते, हे मला या केसने शिकवलं. त्या चोरीची फिर्याद मात्र कुठल्याच ठाण्यात घेत नाहीत. आमच्या दप्तरात आरोपी म्हणून अजून त्या एकट्या संशोधक मुलीचंच नाव आहे.