दहा मिनिटं पुढचं घड्याळ

रोजा सोडून पाणी पिऊन झालं होतं, चौथा खजूर माझ्या मुलाच्या तोंडात होता आणि तेव्हा कुठं मशिदीत बांग झाली. आधी बांग, मग खजूर, एवढं मला तोवर कळलं होतं. त्याचं चघळणं थांबलं. त्यानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, रोज्याच्या वेळांचा छापील कागद बघितला, मग मला विचारलं, घड्याळाला कुणी हात लावला?

मी लावला होता. चार दिवसांपूर्वी साताऱ्याहून त्याच्या कुपवाडच्या खोलीवर आले, तेव्हा घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होतं. मला तो गबाळेपणा वाटला. आमच्या घरी घड्याळ कायम दहा मिनिटं पुढं, एसटी चुकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढून काटा सरकवला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. सांगायला मात्र विसरले.

खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या कारखान्याच्या भिंतीकडं उघडायची, त्यामुळं ऊन कुठवर आलं ते दिसत नसे. लेथ यंत्रावर काम म्हणून तो मनगटी घड्याळ बांधत नसे, आणि मोबाईल तेव्हा नव्हते. रोज त्या वेळी यंत्रं चालू असायची, बांग ऐकू यायची नाही. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. म्हणजे आधीचे तीन रोजेही मीच दहा मिनिटं आधी मोडले होते.

त्याला संशय येणारच. तो मुसलमान झाला तेव्हा मी आठ महिने त्याच्याशी बोलले नव्हते. गल्लीत कुणी विचारलं तर त्याची बदली झाली म्हणून सांगायचे. लेथवाल्याची कसली बदली? आणि आता न बोलावता रांधायला येऊन बसले होते.

"आई, मुद्दाम केलंस व्हय?"

त्याला हो वाटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं मला एसटीत बसवलं असतं आणि परत दार उघडलं नसतं.

"मुद्दाम करायला अक्कल लागती," मी म्हणाले. "मी चौथी पास हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि खजुराची बी हातावर काढली. मग ताट पुढं ओढलं. भाकरी थोडी जाड झालीय म्हणाला. जाडच होती.

मशिदीत विचारून आला. चारही रोजे ईदनंतर परत धरायचे. मी म्हटलं, तुझ्याऐवजी मी धरते, आमच्यात नवऱ्याचे उपास बायका धरतात. तसं चालत नाही म्हणाला. मग ईद झाल्यावर सोबत म्हणून धरायचं ठरवलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता चहा प्यायले, उपासाला चहा चालतो म्हणून. दुसऱ्या दिवशी साबुदाणा भिजवला. तिसऱ्या दिवशी त्यानंच हात जोडले आणि मला जेवायला बसवलं.

त्याचे चारही झाले. माझा एकही झाला नाही. तरी त्यानं मला एसटीत बसवलं नाही; खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मुलगा.