कमानीसमोरची कबर

आईला ओमान बघायचं नव्हतं. २०१५च्या थंडीत ती व्हिजिट व्हिसावर महिन्याभरासाठी आली आणि सहम गावातल्या माझ्या खोलीत बॅग टेकवायच्या आत म्हणाली, "मना त्याची कबर दाखव."

त्याची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. रुस्ताकच्या पुढे एका खेड्यात त्याचं शिलाईचं दुकान होतं. अरबांचे पायघोळ झगे शिवायचा. दीड वर्षापूर्वी मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि खलास. मयत रत्नागिरीला पाठवायची तर कागदपत्रांतच पाच-सहा दिवस गेले असते, आणि आमच्यात मयत अशी ताटकळत ठेवत नाहीत. तिथेच दफन करायचं मी ठरवलं. फोनवर आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "जागा ध्यानात ठेव."

ठेवली होती ना. मी मोठा शहाणा. आमच्या गावच्या कबरस्तानात नावाच्या पाट्या नाहीत, पण अंधारातही कुणी चुकत नाही. बाबा विहिरीच्या अंगाला, आजा चाफ्याखाली, चुलती दगडी गडग्याला लागून. खूण बघायची आणि लक्षात ठेवायचं, हीच आमची रीत. ओमानातही नाव लिहायची पद्धत नाही. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, बस्स. विहीर नव्हती, चाफा नव्हता, म्हणून मी कमान धरली.

कबरस्तानाला लागूनच एका जुन्या मशिदीचे अवशेष होते. सात-आठशे वर्षांपूर्वीची असेल, असं गावातले लोक सांगत. छप्पर कधीच गेलेलं. पोरांना शिकवायच्या खोल्यांच्या नुसत्या गुडघाभर भिंती उरल्या होत्या, आणि या सगळ्यात मातीच्या विटांची एकच कमान ताठ उभी होती. भाऊ जुम्म्याच्या दुपारी तिच्या सावलीत जाऊन बसायचा. मी म्हणायचो, पडक्या भिंतींत काय ठेवलंय तुझं? तो म्हणायचा, इथं कुणी माप द्यायला येत नाही. त्याला कमानीच्या नेमकं समोर पुरलं. इतकी वर्षं उभी आहे ती माझ्यासाठी थोडीच पडणार आहे, असा माझा हिशेब. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. माझं सहमचं दुकान सुटत नाही, असं सांगायचो. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

शुक्रवारी सकाळी आईला घेऊन पोचलो. गाडीतून उतरून मी वर बघितलं तर कमान नव्हती. जिथे ती होती तिथे मातीचा ढीग, आणि ढिगात पाच-सहा शाबूत विटा. बाजूच्या खजुरीच्या बागेला पाणी सोडणारा म्हातारा आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, मागच्या पावसात ओढ्याला लोंढा आला, भिंत गेली, कबरींवरची मातीही सपाट झाली. मग हात झटकून म्हणाला, अल्लाची मर्जी.

समोर एकासारखे एक दगड, ओळीच्या ओळी, आणि दीड वर्षात नवीन कबरीही पडलेल्या. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "खंची?" तिने विचारलं. मी अंदाजाने चार पावलं गेलो आणि एका कबरीपाशी थांबलो. म्हटलं, "ही."

ती खाली बसली. पायाकडच्या दगडावरची धूळ पदराने पुसली. "पाय दुखायचे रे त्याचे, मशीन मारून मारून," म्हणाली, आणि तो दगड चेपायला लागली, अंथरुणात त्याचे पाय चेपायची तसा. मला बघवेना. मग तिने पदराची गाठ सोडली. आत सब्जाचं बी होतं. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. ते तिने घरच्या परसातून, कस्टमवाल्यांची नजर चुकवून आणलं होतं. बोटाने ती माती उकरायला लागली.

तेव्हा मी तिचा हात धरला. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकावर ती आपलं बी पेरणार होती. म्हटलं, "आई, थांब. ही त्याची नसेल."

"आता तर ही म्हणालास."

"खोटं बोललो. मी कमान धरली होती, ती पडली. आता मला कळत नाही."

तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने बी परत गाठीत बांधलं. दगडावरचा हात हळूच काढून घेतला, परक्या माणसाला चुकून हात लागावा तसा. गुडघ्यांवर भार देत उठली आणि त्या सगळ्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतल्या.

"मग मी बसू कुठं?" तिने विचारलं.

म्हातारा पाणी वळवायला निघून गेला. ऊन चढलं. मी गाडीतून घडीची खुर्ची आणली, पण ती कुठे मांडायची ते मलाही कळेना. गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई तासभर उभी राहिली आणि उभ्याउभ्याच त्याच्या नावाने फातिहा पढली.