गौरीच्या कानातला कंदील

गौरी आणायच्या दिवशी सकाळीच भूगावातून स्कूटर काढली. बिल्डरांचे फलक सरता सरेनात. मुळशी धरणाचं पाणी दिसलं तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. भाद्रपदात इथे पूर्वी सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागे. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त मास्तर. असल्या तक्रारी करायची मला खोडच आहे.

धरणाकाठच्या एका वाडीत हौसाबाई राहतात. त्यांच्या घरची रीत अशी, की गौरीच्या दोन्ही कानांत कंदीलफूल (डोंगरावरच्या एका दुर्मीळ वेलाचं, छोट्या कंदिलासारखं फूल) घालायचं. त्यांच्या सासूबाई ते विहिरीच्या बांधावरून तोडत. हौसाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यासाठी अर्धा डोंगर चढावा लागे. आता थेट सडा (माथ्यावरचा सपाट कातळ) गाठावा लागतो. खालची हवा तापत गेली आणि वेल वरच तेवढा टिकला, हे मी वहीत लिहितो. हौसाबाईंना ते गुडघ्यांनी कळलंय.

"च्या घ्या न् चला बिगी बिगी," त्या म्हणाल्या. "ऊन लई हाय."

अर्ध्या वाटेत माझ्या बुटाचा तळ सुटला. हौसाबाईंनी पिशवीतली सुतळी काढून तो करकचून बांधला. "सरांचा बूट बी वर यायला न्हाई म्हनतोय!" त्या हसल्या. मीही हसलो. त्यानंतर मात्र दोघांनाही धाप लागली.

सड्यावर पूर्वी मी बसून वेल मोजले होते. आज कातळाच्या एका फटीत एकच वेल होता. त्याला एक फूल आणि एक करपलेली कळी.

"बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं.

"तुमीच सांगितलं न्हवतं का, दोन-चार कंद खाली हिरीपाशी लावून बगा म्हून? लावलं. पयलं वाळलं, म्हून दुसरं नेलं. शेणखत घातलं, रोज पानी घातलं. झळीनं गेलं समदं. ह्यो फटीतनं निघंना, म्हून ऱ्हायला."

खरंच सांगितलं होतं मी. त्यांचे दुखरे गुडघे बघून, मोठ्या ऐटीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हौसाबाईंनी फुलाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या. शेंग धरंल, बी पडंल. नातसुनंला तरी घावंल."

"आणखी वर सरकला तर?" मी उगाच बोललो.

"वर काय हाय सर आता? आभाळ."

एकट्या वेलाला शेंग धरणं जवळजवळ अशक्य. त्याला दुसऱ्या वेलाचे पराग लागतात. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं.

खाली येऊन त्यांनी तांदळाची भाकरी आणि शेपूची भाजी वाढली. मी ताटात काही टाकलं नाही.

संध्याकाळी भूगावात पोहोचलो तर मोबाईलवर फोटो आला होता. नवी साडी नेसलेली गौर, नथ, हार आणि दोन्ही कान भुंडे. पाठोपाठ फोन.

"सर, शेंग धरंल न्हवं?"

"धरेल की, न धरायला काय झालं?" मी म्हणालो. विहिरीपाशी कंद लावा म्हणून सांगताना माझा आवाज असाच होता.