थोरल्याची धुळकट गाडी

ती फिर्याद काही केल्या मनातून जात नाही. माझ्या बॅचचे अधिकारी निवृत्त झाल्यावर टोळ्यांच्या, खंडणीच्या, सापळ्यांच्या आठवणी सांगतात आणि त्यांच्या व्याख्यानांना सभागृहे भरतात. मला त्यांचा हेवा वाटतो, लपवून काय उपयोग? माझी बहुतेक नोकरी बुलढाणा जिल्ह्यात गेली आणि माझ्या वाट्याला असले गुन्हे आले. पण हेवा माणसाला कुठवर नेतो, हे मला याच गुन्ह्यात कळले.

तेव्हा मी मेहकर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी आटोपून डाक पाहत बसलो होतो. जानेफळकडचे एक मोठे शेतकरी आत आले. वय साठीच्या पुढे, धोतर परीटघडीचे, चेहरा मात्र उतरलेला. त्यांना मी इथे थोरले म्हणतो.

"साहेब, माह्या गाडीले कोणंतरी रंग फासला. रिपोट घ्या."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. "काका, लोकं पैसे देऊन गाडी रंगवतात, अन् तुम्ही रिपोट देऊन राह्यले?"

थोरले हसले नाहीत. बाकावर बसले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. मी अंमलदाराला गप्प केले आणि पंचांना घेऊन घटनास्थळी गेलो.

कापसाच्या शेडमध्ये एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी होती. मागे माशासारखे दोन पंख, पुढे रुंद चकाकता बंपर. बाकी सगळे अंग कोणीतरी कानशीने आणि पॉलिश पेपरने खरवडून काढले होते आणि त्यावर रेड ऑक्साइड फासले होते. लोखंडी फाटकाला गंज चढू नये म्हणून लावतात तेच. डिकीवर तळहाताएवढा तुकडा तेवढा जुन्या फिक्या निळ्या रंगाचा राहिला होता आणि त्यावर शेंदराच्या पाच बोटांचा ठसा होता. त्याच्या कडेकडेने रंग फार जपून लावला होता. हे मी पंचनाम्यात नोंदवले आणि शेडवर पहारा बसवला.

मग थोरल्यांनी हकीकत सांगितली. वडिलांनी कापसाच्या चांगल्या दिवसांत अशा दोन गाड्या घेतल्या होत्या. गाड्या दारात आल्या त्या दिवशी आईने शेंदरात बोटे बुडवून दोन्ही गाड्यांवर ठसे उमटवले. पुढे थोरले आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची वाटणी झाली. आपल्याकडे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, म्हणजे वाटे पाडणाऱ्याचा हात सरळ राहतो. धाकट्याने चालू गाडी उचलली. बंद पडलेली थोरल्याच्या शेडमध्ये गेली.

धाकट्याने हौसेने आपली गाडी अकोल्याच्या गॅरेजात टाकली. नवा लालभडक रंग, नव्या गाद्या, आत जीपचे डिझेल इंजिन. पंचक्रोशीतले नवरदेव त्याच गाडीतून मिरवत. हल्ली त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली आणि पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन पाहायला आले. त्यांनी लाल गाडीभोवती एक चक्कर मारली, चहा घेतला आणि विचारले, "अजून काही आहे का?"

थोरल्याची शेड उघडली. धुळीने माखलेली गाडी, चिरलेले रबर, आत मूळच्या गाद्या. तो माणूस चांगल्या पँटीनिशी जमिनीवर गुडघे टेकून खालून पाहू लागला. म्हणाला, "दुरुस्त केलेल्या गाड्या पैशाला पासरी मिळतात. कारखान्यातून आली तशीच टिकलेली गाडी मी आज पाहतोय. हिला फडकंसुद्धा लावू नका."

सौदा ठरला. थोरले कुटुंबासह रोहिणखेडला लग्नाला गेले आणि परतले तेव्हा गाडीची ही दशा झालेली. खरेदीदाराने फोटो पाहून नम्रपणे नकार कळवला.

संशय उघड होता, पण संशयावर आरोपपत्र उभे राहत नाही. मेहकरच्या एका रंगाच्या दुकानदाराने खबर दिली की धाकट्यांनी रेड ऑक्साइडचे डबे नेले. धाकट्यांकडे उत्तर तयार होते: गोदामाची फाटके रंगवली. पाहिले तर फाटके खरेच ताजी रंगवलेली. माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

मी त्यांना चौकशीसाठी बोलावले. चहा दिला आणि बराच वेळ नुसते बसवून ठेवले. माझा अनुभव असा की निर्दोष माणूस आधी 'काऊन बोलावलं' म्हणून भांडतो. मनात पाप असलेला माणूस न विचारता आपण कुठे होतो ते सांगतो. धाकट्यांनी चहा संपायच्या आत सांगून टाकले.

"म्या तं संग्रामपूरच्या बाजारात होतो साहेब. ढोरं पाहाले गेलतो."

मी मान डोलावली. त्यांचा आवाज चढत गेला. "अन् त्या खटाऱ्याचं एवढं काय कौतुक? माह्या गाडीवर म्या जीव लावला. यानं काय केलं? कोंबड्या बसवल्या तिच्यावर! अन् तो पुण्याचा माणूस माह्या दारातला चहा पिऊन त्याच्या दारात गुडघे टेकते!"

या माणसाला मार्मिक प्रश्न विचारून उपयोग नव्हता. त्याच्या अभिमानालाच हात घालायला हवा होता. मी कागद आवरायला घेतले आणि सहज म्हणालो, "रंगाचं जाऊ द्या हो. पण तुमच्या आईची शेंदराची बोटंसुद्धा खरवडून काढली, असा नीच माणूस कोण असेल?"

धाकटे ताडकन उठले. "खोटं हाय! आईच्या बोटायले म्या हातबी नाई लावला!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. धाकटे पुन्हा खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

मग सगळी हकीकत बाहेर आली. शेडची जुनी किल्ली त्यांच्याकडे होतीच. भर दुपारी एकट्याने कानस चालवली होती. "डिकीपाशी आलो अन् हात थांबला साहेब. माह्या गाडीवरबी आईची बोटं होती. गॅरेजवाल्यानं घासून टाकली, अन् तवा मले ध्यानातबी आलं नाई. त्याच्या गाडीवर तं जशीच्या तशी. त्याचाच जास्त राग आला."

भावाभावांच्या प्रकरणात समेट होतो, हे मी नेहमी पाहिलेले. म्हणून थोरल्यांना समोर बसवले आणि धाकट्यांनी काय कबूल केले ते सांगितले. धाकटे पाया पडायला वाकले.

"दादा, चुकलो. रिपोट मांगं घे."

थोरल्यांनी पाय मागे घेतले. "सारी उमर तुह्या गाडीचा भोंगा आयकला बे. गावातल्या हरेक लग्नात तू पुढं, अन् म्या पायी मांगं. पोटात आग पडे, पण तुले कधी दिसू देली नाई. एक दिवस माह्या गाडीकडं कोणी धड पाह्यलं. एक दिवस! तोबी तुले पाहावला नाई?"

धाकट्यांना याची कल्पनाच नव्हती, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होते. ज्या भावाचा ते जळून जळून द्वेष करत होते, तो त्यांच्या आधीपासून त्यांच्यावर जळत होता.

थोरल्यांनी तक्रार मागे घेतली नाही. जबाबाखाली सावकाश सही केली आणि धाकट्याकडे न पाहता निघून गेले.

चोरीच्या गुन्ह्यात मुद्देमाल हस्तगत होतो, मालकाला परत देता येतो, पोलिसाला झोप लागते. इथे परत देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. चोराला निदान दुसऱ्याची वस्तू हवी असते. जळणाऱ्या माणसाला तीही नको असते, ती दुसऱ्याजवळ नसली म्हणजे झाले. एकाच अंगणात वाढलेले दोन भाऊ एकमेकांच्या गाडीकडे पाहत म्हातारे झाले, आणि ते एकमेकांना सांगायला त्यांना माझ्या ठाण्यात यावे लागले.