मनकर्णाबाईचा गरम रोडगा

केनवडात आपल्या रोडग्याला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं दौलतराव स्वतःच सगळ्यांना सांगत. मारोतीच्या देवळामागच्या वावरात भंडारा असला की गोवऱ्यांचे ढीग पेटवून निखाऱ्यांत दोन-दोन क्विंटल कणकेचे रोडगे भाजणारा हा माणूस. खांद्यावर दुपट्टा, हातात लांब काठी आणि तोंडाने सारखे हुकूम. गाव जेवून उठेपर्यंत ते आगीजवळून हलत नसत. आधी मारोतीचा नैवेद्य, मग पुरुषांच्या पंगती, मग लेकरं, शेवटी बाया. चाळीस वर्षं हाच क्रम, आणि तो त्यांच्या अंगात इतका भिनलेला की त्यात काही चुकतंय असं कधी त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यांची बायको मनकर्णाबाई कायम शेवटच्या पंगतीतली. अलीकडे धुरानं दम लागायला लागला तसं तिनं देवळाकडं जाणंच सोडलं, आणि तिचा रोडगा स्टीलच्या डब्यातून घरी येऊ लागला. मागच्या भंडाऱ्याला असाच डबा आला. गार झालेला रोडगा ताटात कुस्करता कुस्करता ती सहज बोलून गेली, "तुमच्या हातचा गरम रोडगा कसा लागते, मले अजून मालूम नाही."

झालं. दौलतरावांना ते असं झोंबलं की त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. इतकी वर्षं काहून बोलली नाही म्हणून आधी ते तिच्यावरच चिडले. कोणी विचारलं नाही, एवढंच ती म्हणाली. मग त्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी घरात रोडगे होतील, अन् पहिला रोडगा आगीतून निघून सरळ हिच्या ताटात पडेल.

घरात गोवऱ्या पेटवायची सोय नव्हती, धूर झाला की मनकर्णाबाईला खोकल्याची उबळ यायची. म्हणून सून योगिनीनं माळ्यावरचा गॅसवर ठेवायचा तंदूर काढून पुसून दिला. पहिली कटकट इथंच झाली. दौलतरावांनी दोन पायल्या कणीक मागितली. चौघांच्या घरात एवढं खाणार कोण, असं योगिनीनं विचारलं, तर स्वयंपाक कोण करून राह्यलं, असं त्यांनी तिलाच विचारलं. शेवटी तिनं किलोभर पीठ परातीत टाकलं अन् ती बाजूला झाली. पण दौलतरावांचा हात सवयीचा. त्यानं किलोभर पिठात भंडाऱ्याच्या हिशोबाची भरगच्च मूठ मीठ टाकलं. रोडगे वरून काळे झाले, आतून कच्चे, अन् खारट तर असे की मनकर्णाबाई अर्ध्या रोडग्यावर तीन तांबे पाणी प्यायली. तिनं नाव ठेवलं नाही, त्याचाच दौलतरावांना जास्त राग आला. त्यांनी गॅसला शिव्या घातल्या, पीठ बारीक दळलं म्हणून गिरणीवाल्याचा उद्धार केला, तंदुराला लाथ मारायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या रविवारी आच मंद ठेवली. दोन तास तंदुरापुढं स्टुलावर बसून राहिले, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहत. रोडगे असे कडक निघाले की पहिल्याच घासाला त्यांची कवळी हलली. त्यांनी चिमटा ओट्यावर आपटला.

"हजार माणसाले जेवू घालतो मी," ते म्हणाले, "अन् एका बाईचं ताट भरता येऊन नाही राह्यलं मले."

मनकर्णाबाईनं चिमटा उचलून जागेवर ठेवला आणि भात टाकला.

तिसऱ्या रविवारी म्हातारा नमला. योगिनीची आई शिरपूरला रोडगे आधी वाफवून घेते अन् मग तंदुरात भाजते, हे त्यांनी आधी दोनदा उडवून लावलं होतं. वाफवलेल्या रोडग्याला रोडगा म्हणायचं, हे त्यांच्या मनाला काही केल्या पटत नव्हतं. पण आता त्यांनी मुकाट्यानं मीठ मोजायचा चमचाही सुनेकडून मागून घेतला. सगळं मांडून देऊन योगिनी शेजारी हळदी-कुंकवाला गेली. मनकर्णाबाईनं वरण अन् वांग्याची भाजी करून ठेवली, तूप पातळ करून वाटीत काढलं आणि रिकामं ताट पुढ्यात घेऊन ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. डोक्यावरचा पदर तिनं दोनदा सारखा केला.

या खेपेला जमलं. सात रोडगे, पदर सुटलेले, तांबूस, खमंग. वास ओसरीपर्यंत गेला, आणि नेमके त्याच वेळी भंडाऱ्याची तारीख ठरवायला सेवादास अन् लालसिंग दारात आले. हे दोघे भंडाऱ्याचा किराणा पाहणारे.

दौलतरावांचा जीव सुपाएवढा झाला. एक रोडगा त्यांनी देवघरात मारोतीपुढं ठेवला. मग ओसरीत दोन ताटं मांडली, रोडगे कुस्करले, वरून तूप सोडलं, वरण वाढलं, भाजी वाढली. गॅसवरचा आहे हे दोघांना खरं वाटेना. दौलतराव खुलले. अजून एक घ्या, लाजता काहून, म्हणत ते कमरेवर हात ठेवून दोघांच्या मधे उभे राहिले, दोघं पोटभर जेवून हात धुवेपर्यंत.

पाहुणे गेल्यावर ते आत वळले आणि तंदुराचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

मनकर्णाबाई तशीच खुर्चीवर होती, कोरडं ताट पुढ्यात. वाटीतलं तूप थंडीनं थिजलं होतं. दौलतरावांना स्वतःचा असा संताप आला की चिमटा आपटायचीही हिंमत झाली नाही. ते देवघरात गेले, मारोतीपुढचा रोडगा उचलून आणला अन् तिच्या ताटात ठेवला. तो गार झाला होता.

तिनं तो कुस्करला, वरण घेतलं, शेवटचा कण निपटेपर्यंत खाल्ला.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली.

दौलतराव पिठाच्या डब्याकडे धावले. झाकण काढलं, परात ओढली, चमचा शोधायला लागले. मनकर्णाबाई उठली आणि आपलं ताट मोरीत ठेवलं.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "माह्यं जेवण झालं."