लदिनीचे चणे
प्रयोगशाळेत रुजायला ठेवलेल्या चण्यांचा वास आला की वाडीतल्या क्रूसापुढची लदीन आठवते. त्या संध्याकाळी सगळ्या वाडीने मिळून गायलेली ही प्रार्थना संपली होती, मेणबत्त्या खाऱ्या वाऱ्याने वाकत होत्या आणि पप्पा उकडलेले चणे वाटत होते. माझा जीवशास्त्राचा प्रवेशअर्ज आठवडाभर त्यांच्या बायबलखाली सहीविना पडून होता. मी ओंजळ पुढे केली तसे ते सगळ्यांदेखत म्हणाले, “तुझो आजो माकड होतो, असां लिवतलंय गो परीक्षेत?” सगळे हसले. एरवी मान खाली घालणारी मी म्हणाले, “माणूस देवानच केल्यान, पप्पा. कसो केल्यान, ता माका शिकाचा आसा.” त्यांनी माझी ओंजळ काठोकाठ भरली. “शिक मगे. पण रोजरीची माळ चुकवू नको.” रात्री अर्जावर सही झाली. आजही सूक्ष्मदर्शकात डोकावण्याआधी मी क्रूसाची खूण करते, कोणी बघत असलं तरी.