बेचाळीस नंबरची जागा

आर्लिस टोलेफसनचा पहिला फोन आला तेव्हा ऑगस्ट महिना होता, आणि दक्षिणेकडच्या युमाच्या उन्हात आमच्या ट्रेलर पार्कच्या ऑफिसच्या दाराची मूठ हाताला चटके देत होती. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कुणी फिरकत नाही, फक्त फोन येतात. उत्तरेकडची म्हातारी माणसं आपापल्या अंगणात बसून पुढच्या हिवाळ्यात आपला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, उभा करायला उबेची जागा शोधत असतात. पण या बाईसारखे प्रश्न मला सोळा वर्षांत कुणी विचारले नव्हते.

"सकाळचं ऊन ट्रेलरच्या दारात किती वाजता येतं?"

"साडेसात धरा."

"शेजारी कोबीचं शेत आहे म्हणे. फवारणी करतात तेव्हा आधी सांगतात का? आणि लष्करी विमानं? दुपारी झोपेच्या वेळी उडतात?"

"उडतात. महिन्याभरात ऐकू येईनाशी होतात."

"हॉस्पिटल किती मैल?"

"सहा."

तिने बहुतेक तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "हे सहा मैल मला फार आवडले."

तिच्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या, हृदयात वसंतात स्प्रिंग बसवली होती. त्यांचं जुनं पार्क वाळवंटात आडबाजूला होतं, दवाखाना तासाभराच्या अंतरावर. अकरा हिवाळे तिथे काढल्यावर आता ते बदलणं भागच होतं. तिने अकरा पार्कांना फोन केले होते. वीज, पाणी, मैलापाण्याची जोडणी, कुत्र्यांचे नियम, सगळं वहीत लिहून घेतलं होतं, आणि शेवटी आमचं पार्क निवडलं.

मी म्हटलं, "तुमचं नशीब चांगलं आहे. एक्केचाळीस आणि बेचाळीस, दोन्ही शेजारशेजारच्या जागा रिकाम्या आहेत. कुणी बरोबर येणार असेल तर सांगा."



"नाही," ती म्हणाली. "आम्हाला एकच पुरे."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते दोघे येऊन एक्केचाळीसमध्ये उतरले. ती बुटकी, रुंद खांद्यांची, एक्काहत्तर वर्षांची. उत्तर डकोटातल्या ऑस्टबी नावाच्या गावात अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने रोज दीडशे पोरांचं जेवण रांधलं होतं. डेल्मर धान्याच्या कोठारावर कामाला होता. उंच, सावकाश बोलणारा. दुसऱ्याच दिवशी ती एकटी ऑफिसात आली. हातात पत्र्याचा डबा, त्यात लेफ्से, म्हणजे त्यांच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली.

"राकेल, तुझ्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "पायस फेटर नावाच्या माणसाचा फोन येईल. जागा आहे का विचारेल. नाही म्हणून सांग."

"का? त्रास देतो का?"

"छे! सोन्यासारखा माणूस आहे." आणि ती खुर्चीत बसली.

पायस त्यांचा गावातला शेजारी. तो, त्याची बायको क्लॅरिस आणि हे दोघे नऊ वर्षं दोन ट्रेलर घेऊन, एकामागे एक, दक्षिणेत येत. दोन वर्षांपूर्वी क्लॅरिस गेली. तेव्हापासून पायस सकाळी साडेसहाला कप घेऊन यांच्या दारात हजर असे. नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण, सगळं यांच्या ट्रेलरच्या कापडी छताखाली. त्याचे कपडे आर्लिस धुणार, त्याच्या गोळ्या आर्लिस मोजणार. आणि दिवसभर बोलणं. १९६४ सालचा ट्रॅक्टर, त्याच्या बापाचा बैल, क्लॅरिसचं आजारपण, पुन्हा ट्रॅक्टर.

"मी जन्मभर लोकांना वाढलंय," आर्लिस म्हणाली. "एक हिवाळा, राकेल. एक हिवाळा मला माझी सकाळ हवी होती. त्याला मी सांगितलंय की शेवटची एकच जागा उरली होती."

"मग ते जुन्या पार्कात गेले असतील ना?"

"नाही. त्याचे डोळे अधू झालेत. डेल्मरच्या मागच्या दिव्यांकडे बघत बघत तो गाडी चालवायचा. एकटा नाही येऊ शकत."

जागा नाही असं सांगणं हे माझ्या रोजच्या कामातलंच होतं. माझी सासू तेव्हा माझ्याच घरात राहत होती, त्यामुळे सकाळ कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी हो म्हटलं. लेफ्से खाल्ली.

पहिला महिना आर्लिस पाखरासारखी मोकळी होती. आठ वाजता उठायची. पोहण्याच्या तलावात बायकांबरोबर पाण्यातले व्यायाम करायची, दुपारी गोधड्या शिवणाऱ्यांच्या टोळक्यात बसायची, चार वाजता पत्ते. इतकं मोठ्यानं हसायची की ऑफिसापर्यंत ऐकू यायचं. डेल्मर मात्र जरा हरवल्यासारखा होता. दोन-तीनदा येऊन मला म्हणाला, "इथे सगळे निवृत्त शिक्षक आणि विमा एजंट. ट्रॅक्टरबद्दल बोलायला कुणी नाही."

पायसचा फोन नोव्हेंबरमध्ये आला.

"बाई, मी पायस फेटर. तुमच्याकडे माझे मित्र उतरलेत. एखादी जागा सुटली का?"

"नाही हो. सगळं भरलंय."

"कुणी आजारीबिजारी पडून परत गेलं तर? म्हणजे पडावं असं नाही म्हणत मी. पण म्हातारी माणसं, काय सांगावं. ट्रूडी, माझी मुलगी, बिलिंग्जहून येऊन गाडी चालवीन म्हणते."

मी हसले. त्याचं नाव यादीत घालते म्हटलं. यादीबिदी काही नव्हती. त्या साली कॅनडावाले कमी आले होते आणि माझ्याकडे सहा जागा रिकाम्या होत्या. बेचाळीस त्यातलीच एक.

हे मी आर्लिसला सांगायला गेले तर तिने हात वर केला. "फोन आला तर मला सांगू नकोस."

फोन आणखी दोनदा आला. डिसेंबरात तो म्हणाला, बाहेर शून्याखाली वीस आहे, आणि शेजाऱ्यांच्या, म्हणजे टोलेफसनांच्या, बंद घरी रोज चक्कर मारतो, हीटर चालू आहे ना बघतो, नळ जरा सोडतो, म्हणजे पाइप गोठत नाहीत. ख्रिसमसच्या आधी म्हणाला, "आर्लिसच्या उजव्या खांद्याला थंडीत कळ येते. ती सांगणार नाही कुणाला. तेवढं लक्ष ठेव, पोरी." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिला सांगितलं नाही. सांगू नकोस असं तीच म्हणाली होती, अशी मी माझी समजूत घातली.

आर्लिसच्या ट्रेलरमध्ये भांडी घासायच्या जागेवरची खिडकी नेमकी बेचाळीसकडे होती. रिकामा सिमेंटचा चौथरा, विजेचा खांब, कडेला एक लिंबाचं झाड. लिंबं पिकून खाली पडायची आणि तिथेच वाळायची. एकदा डेल्मरने विचारलं, "ही जागा अजून रिकामीच? पायसला कळवू या का?" ती म्हणाली, "कुणीतरी आधीच घेतलीय, यायची राहिलीत माणसं." त्यानंतर तिने खिडकीला पडदा लावला. पण भांडी घासताना उजेड लागतो, म्हणून रोज तो बाजूला सारावाच लागे. हे तिने मला पुढे सांगितलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रूडीचा फोन तिला आला. पायस पडला होता. आर्लिसच्याच घराच्या मागच्या पायऱ्यांवर. हीटर बघून बाहेर पडताना बर्फावरून पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. हाक मारली तरी ऐकणार कोण? दीड तासाने रस्त्यावरचा बर्फ काढणारा माणूस गाडी घेऊन आला, त्याला पायऱ्यांवर लाल टोपी हललेली दिसली. बिस्मार्कच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं. थंडीने गोठून गेलेली डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती.

डेल्मर ऐकून खुर्चीत बसला. "एखादी जागा असती..." एवढंच म्हणाला.

"जागा होती," आर्लिस म्हणाली.

"कुठे?"

तिने खिडकीकडे बोट केलं.

"तेव्हापासून?"

"ऑगस्टपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मग त्याला बोलावलं असतंस."

"हो," डेल्मर म्हणाला. "बोलावलं असतं." आणि तो खुर्ची उचलून बाहेर गेला, उन्हात बसला. दुपारी तिने सँडविच नेऊन दिलं, ते त्याने तिथेच टेबलावर ठेवलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने कधी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. ती म्हणाली, त्या दिवशी त्याने ओरडावं असं तिला फार वाटत होतं.

दोन दिवसांनी ती एकटीच विमानाने गेली. विमानतळावर मीच सोडलं तिला.  उतरताना म्हणाली, "तू त्या माणसाला किती वेळा नाही म्हणालीस?"

"तीन वेळा."

"काय म्हणायचा?"

मी सगळं सांगितलं. खांद्याचंही. तिने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि तशीच बॅग ओढत आत गेली.

पुढचं तिने मला परत आल्यावर सांगितलं, कपडे धुण्याच्या खोलीत, मशीन फिरत असताना.

पायस उशांना टेकून बसला होता. गालांची कातडी सोललेली. तिला बघून म्हणाला, "अगं, एवढ्या थंडीत तू कशाला आलीस?"

"तुला बघायला."

"बघ. जवळजवळ सगळा आहे. कमरेत लोखंड घातलंय, मेल्यावर भंगारवाल्याला विका." मग एकदम चेहरा पाडून म्हणाला, "आर्लिस, चार-पाच दिवस तुमच्या घरी जाणं झालं नाही बघ. ट्रूडीला दोनदा पाठवलं, पण ती नळ नीट सोडत नाही. पाइप फुटला नसला म्हणजे मिळवली."

आर्लिस आदल्या रात्री घरीच उतरली होती. पाइप धड होते. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलेलं होतं, त्यातला एक निवडुंग फुलला होता. एवढ्या वर्षांत हिवाळ्यात ती घरी कधी नव्हती, त्यामुळे तो गुलाबी फुलतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

"पायस, युमाला जागा होती," ती म्हणाली. "आमच्या शेजारचीच. मी नको म्हणाले. ऑफिसातल्या बाईलाही मीच खोटं बोलायला लावलं."

त्याने पांघरुणाची कड चिमटीत धरली.

"डेल्मरला माहीत होतं?"

"नाही."

"मग बरं." आणि मग, "मी फार त्रास देत होतो का?"

तिला नाही म्हणायचं होतं. पण आता आणखी एक खोटं तिच्या तोंडून निघेना.

"हो," ती म्हणाली. "सकाळी सकाळी फार."

"क्लॅरिस मला टोकायची. 'पायस, पुरे आता, लोकांना कामं असतात.' ती गेली, मग टोकणारं कुणी राहिलं नाही." तो तिच्याकडे बघेना. "तू टोकायचं होतंस ना, आर्लिस. मला काही वाईट नसतं वाटलं."

"टोकायचं होतं," ती म्हणाली. तेवढ्यात नर्स जेवण घेऊन आली. त्याने सूप घेतलं, आमच्याकडच्या सुपात बटाटे जास्त असतात म्हणाला, आणि मग म्हणाला, "तू नीघ आता. अंधार पडल्यावर रस्ता गोठतो."

ती पाच आठवडे तिथे राहिली. दिवसाआड चाळीस मैल गाडी चालवून जायची. त्याला पिठाचे गोळे घातलेलं सूप करून न्यायची, त्याचे पायजमे धुवायची. तो प्रत्येक वेळी आभार मानायचा. पूर्वी कधी मानायचा नाही, नुसतं ताट पुढे करायचा. 'माफ केलं' असं तो कधी म्हणाला नाही आणि तिने माफी मागितलीही नाही. मला म्हणाली, "मागितली असती तर लगेच दिली असती त्याने. म्हणून नाही मागितली."

फेब्रुवारीच्या शेवटी ती परत आली तेव्हा डेल्मर विमानतळावर गेला होता. तिची बॅग त्याने उचलली. संसार पुन्हा रांगेला लागला, पण ती पाण्यातल्या व्यायामांना गेली नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये तिने एक्केचाळीस आणि बेचाळीस दोन्ही जागा धरल्या. पायसला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ट्रेलरच्या पायऱ्या आता चढवत नाहीत मला. ट्रेलर विकलाही. तुम्ही जा, मजा करा." मग तो बिलिंग्जला ट्रूडीकडे राहायला गेला. बेचाळीसमध्ये मिनेसोटाचं एक जोडपं आलं, भली माणसं, आठला झोपणारी.

मी त्या ऑफिसातून निवृत्त होईपर्यंत टोलेफसन येत राहिले, पण आता जानेवारी संपल्यावर यायचे आणि मार्चअखेर जायचे. दर रविवारी चर्चहून आल्यावर आर्लिस पायसला फोन करते. तो चांगलं बोलतो, पण दोन-तीन मिनिटं. हवा कशी आहे, डेल्मर बरा ना, आणि मग, "चल, तुला कामं असतील." तिने ट्रॅक्टरचा विषय काढून पाहिला. "ती जुनी गोष्ट झाली," तो म्हणतो.

ट्रूडी म्हणते, वयामुळे बाबा अबोल झालेत. आर्लिस पुढच्या रविवारी पुन्हा फोन लावते.